साडेतीनशे तुकडे आणि तीन सॉफ्टवेअर

कागदपत्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर निवडायचं काम शेठनी माझ्यावर सोपवलं, कारण प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारा आमच्या ऑफिसात मी एकटाच होतो. तेही एकदाच जमलं होतं. पण मिलमध्ये एकदा नाव झालं की झालं. तेव्हापासून वायफाय बंद पडो, शेठच्या सुनेचा मोबाइल गरम होवो, नाहीतर गेटवरचा कॅमेरा उलटा दाखवायला लागो, हाक मलाच.

आमची मिल म्हणजे रंगाची मिल. उधन्याच्या पुढे, पांडेसऱ्याच्या बाजूला. मार्केटमधल्या व्यापाऱ्यांचं बिनरंगी कापड ट्रकने येतं, आम्ही ते रंगवतो आणि परत पाठवतो. मी वरच्या मजल्यावर ऑफिसात बसतो. अकरा वर्षं तिथे बसून मला रंगातलं एवढंच कळलं होतं, की खाली काही बिनसलं की पायऱ्यांवर चपलांचा आवाज वाढतो.

खालचं सगळं रंगमास्तरांच्या हातात. मास्तर धुळ्याकडचे. घरी अहिराणी, माझ्याशी मराठी, शेठशी गुजराती आणि बंद पडलेल्या मशिनशी हिंदी, अशी त्यांची वाटणी. मी जळगावकडचा, पण जन्म उधन्यातल्या चाळीतला, म्हणून ते मला अर्धाच खानदेशी धरतात. खुशीत असले की मला भाऊ म्हणतात, चिडले की साहेब.

तर या मास्तरांना मोतिबिंदू झाला. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि पुढे काही दिवस रंगांच्या वाफेत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. शेठ घाबरले. मास्तरांची सगळी विद्या लॅबमधल्या चार जाडजूड रजिस्टरांत होती. कोणत्या पार्टीला, कोणत्या कापडावर, कोणता रंग, त्यात लाल किती, पिवळा किती, निळा किती. मास्तर घरी बसले तर लॅबवाल्यांनी ही रजिस्टरं वाचायची कशी? कारण मास्तरांचं अक्षर मास्तरांनाही ऊन असेल तरच लागतं.

"बधुं ऑनलाइन करी नाखो," शेठ म्हणाले. सगळं ऑनलाइन करून टाका. आणि चांगली तीन सॉफ्टवेअर बघून, तुलना करून, रिपोर्ट द्या.

तुलना हा शब्द ऐकून मला जरा चढलीच. मी संगणकावर एक कोरा तक्ता उघडला आणि डावीकडे रकाने पाडले. शोध. परवानगी. जुनी आवृत्ती परत मिळणे. कोणी कधी उघडलं याची नोंद. बाहेरच्या माणसाला लिंक पाठवणे. मोबाइलवर चालणे. प्रत्येकाला दहापैकी गुण. दोन दिवस मी फक्त तक्त्याला रंग देत होतो. रंगाच्या मिलमध्ये अकरा वर्षांत मी दिलेला हा पहिला रंग.

पहिल्या कंपनीचा माणूस ऐन उन्हाळ्यात कोट घालून आला. त्याला वाटेत बॉयलरजवळून यावं लागलं, त्यामुळे वर पोचेपर्यंत तो अर्धा विरघळला होता. त्याचा सगळा भर परवानगीवर. कोण बघू शकेल, कोण बदलू शकेल, कोण नुसतं छापू शकेल, असे सात प्रकार. आमच्या मिलमध्ये परवानगीचा एकच प्रकार चालतो: शेठ जागेवर नाहीत ना, मग बघा. हे मी त्याला सांगितलं नाही. मान हलवत राहिलो आणि परवानगीला नऊ गुण दिले.

दुसऱ्या कंपनीच्या बाईंनी बंगळुरूहून पडद्यावर दाखवलं. त्यांचा आवाज तुटत होता, त्यामुळे मला दर तिसरा शब्द ऐकू आला आणि दर तिसरा शब्द फारच चांगला वाटला. त्यांच्याकडे प्रत्येक कागदाच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या राहत. एक पूर्णांक शून्य, एक पूर्णांक एक, असं. मास्तरांच्या रजिस्टरमध्येही आवृत्त्या असतात, म्हणजे आकडा खोडून वर दुसरा, तो खोडून बाजूला तिसरा. शेवटचा खरा. पण शेजारी बरोबरची खूण असेल तर शेवटून दुसरा खरा. आणि खुणेभोवती गोल असेल तर मास्तरांना विचारा. हे सॉफ्टवेअरमध्ये कुठे बसेल असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही कस्टमाइज करू शकता. हा शब्द मला अगदी स्पष्ट ऐकू आला.

तिसरा शेठच्या मेव्हण्याच्या ओळखीतला. त्याचं सॉफ्टवेअर नुसतं फाइल ठेवायचं आणि लिंक पाठवायचं. पण तो येताना गरम लोचो घेऊन आला, वर बटर आणि शेव घातलेला, त्यामुळे त्याचं सॉफ्टवेअर ऑफिसात सगळ्यांना पसंत पडलं.

गुणांची बेरीज केली तर तिघांनाही सारखेच गुण. मी शोध या रकान्याचं वजन वाढवलं, तर दुसरी पुढे गेली. परवानगीचं वाढवलं, तर कोटवाला. शेवटी माझ्या लक्षात आलं की मला जे निवडायचं असेल ते हा तक्ता निवडून देतो. मग तक्ता कशाला, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. तक्त्यावर फार कष्ट झाले होते.

तिघांनीही चौदा दिवस फुकट वापरायला दिलं होतं. तिघांचंही म्हणणं एकच: खरे कागद घालून बघा, त्याशिवाय कळणार नाही. खरे कागद म्हणजे मास्तरांची रजिस्टरं. आणि इथून पुढे जे झालं त्याला ना कोटवाला जबाबदार, ना बाई, ना लोचो.

आता या रजिस्टरात काय असतं ते सांगतो. प्रत्येक पानावर वर मास्तरांचे आकडे आणि खाली स्टेपलरच्या दोन पिनांनी लावलेला, बोटभर रुंदीचा, त्या रंगाच्या कापडाचा तुकडा. पुढच्या वर्षी पार्टीने तोच रंग मागितला की आकड्यांवरून रंगवायचं आणि तुकड्याशी ताडून बघायचं. पाणी बदलतं, रंगाचा डबा बदलतो, कापड बदलतं. आकडे म्हणजे नुसती सुरुवात. खरा रंग तुकड्यात. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला वाटायचं, तुकडा शोभेला आहे.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी मी एकटा आलो. रजिस्टरांची शिलाई उसवली आणि पानं स्कॅनरमध्ये घातली. तिसऱ्याच पानाला तुकडा आत ओढला गेला आणि स्कॅनर घोगऱ्या आवाजात रडायला लागला. स्कॅनरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, आत कागद जाऊ दे, कापड नको. मग मी पिना काढायला बसलो. मी अगदीच मूर्ख नाही. पहिल्या साठ-सत्तर पानांचे तुकडे मी वेगवेगळ्या पाकिटांत घातले आणि पाकिटावर पान क्रमांक लिहिला. मग पाकिटं संपली. सुट्टीचा दिवस, स्टेशनरीवाला बंद. मी थोडा वेळ विचार केला. तो विचार मला आजही आठवतो, शब्दन् शब्द: कागदावर सगळं लिहिलेलंच आहे की. आणि उरलेले साडेतीनशे तुकडे मी एका पोत्यात भरले. पोतं नीट बांधलं. वर चिठ्ठी लावली, "कापडाचे तुकडे". चिठ्ठी सुवाच्य होती.

संध्याकाळपर्यंत चारही रजिस्टरं तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये चढली. मी शोधाच्या खिडकीत "मेहंदी" लिहून बघितलं. मास्तरांच्या रजिस्टरमध्ये मेहंदी निदान नऊ तरी आहेत. पहिल्याने सांगितलं, काही सापडलं नाही. दुसऱ्याने सांगितलं, काही सापडलं नाही, तुम्हाला "मे महिना" म्हणायचं होतं का? तिसऱ्याने पासवर्ड मागितला, आणि त्याचा ओटीपी गेला शेठच्या फोनवर, आणि शेठ होते मेव्हण्याच्या मुलाच्या साखरपुड्यात. मी शोधाला सगळ्यांना चार-चार गुण दिले आणि घरी गेलो. चांगली झोप लागली, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर चपलांचा आवाज आला नाही. मास्तर अनवाणी वर आले. हातात रजिस्टरचं एक सुटं पान. शाळेच्या गणवेशाच्या ओढण्या करणाऱ्या एका पार्टीचा माणूस खाली बसला होता. गेल्या वर्षीचाच रंग पुन्हा हवा होता. पानावर आकडे होते आणि खाली पिनांची दोन भोकं. दोन भोकांच्या मधे कागद जरा जास्त पांढरा होता, तुकड्याएवढाच.

"साहेब," मास्तर म्हणाले, "कापड?"

मी टेबलाखालून पोतं ओढून बाहेर काढलं. त्यांनी गाठ सोडली, आत बघितलं आणि गाठ परत बांधली. वरची चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी स्कॅनरचं सांगितलं, पाकिटांचं सांगितलं, स्टेशनरीवाल्याचं सांगितलं. तिन्ही ठिकाणी चढवलंय, तीन प्रती आहेत, असंही सांगून टाकलं. त्यांनी ते पान माझ्या पडद्यासमोर धरलं, पडद्यावर तेच पान, तशाच दोन भोकांसकट. म्हणाले, "भोकं ऑनलाइन झाली."

मग ते पोतं खांद्यावर टाकून खाली गेले आणि मी मागोमाग.

ओढणीवाल्या पार्टीच्या माणसाने खिशातून स्वतःकडचा हिरवा तुकडा काढला. इथे मला पहिल्यांदा मास्तरांची एक पद्धत कळली. रंग पास झाला की ते त्या कापडाची एकच पट्टी कापतात, मग तिचे कात्रीने दोन भाग करतात. अर्धा पार्टीला, अर्धा रजिस्टरला. कात्री जुनी, हात सवयीचा, त्यामुळे कोणत्याही दोन पट्ट्यांची कापलेली कड कधी सारखी येत नाही. कुठे लाट येते, कुठे दात येतो. उद्या पार्टीने भलताच तुकडा आणून हाच रंग होता म्हणून भांडण काढलं, तर मास्तर रजिस्टरचा अर्धा त्याच्या अर्ध्याला लावून दाखवतात. जुळला तर खरा.

"शोधा," मास्तर मला म्हणाले. "तुमच्या सॉफ्टवेअरमधला शोध नका लावू. हातानं."

मी लॅबच्या फरशीवर पोतं ओतलं आणि हिरवे तुकडे वेगळे करत बसलो. पार्टीचा माणूस मोबाइल बघत होता, मधूनमधून माझ्याकडे बघत होता. अर्ध्या तासाने एका गडद हिरव्या तुकड्याची कड त्याच्या तुकड्याच्या कडेत अशी बसली, की मधली रेघ दिसेना. मला भलताच आनंद झाला. मास्तरांनी तो तुकडा पानावर ठेवून दोन पिना मारल्या आणि म्हणाले, "एक झाला."

पार्टीचा माणूस गेल्यावर त्यांनी मला स्टूल दिलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी दुसरंच सांगितलं. त्यांच्या ओळखीचा एक रंगमास्तर होता, दुसऱ्या मिलमध्ये. त्याने मोतिबिंदू काढला. डोळा स्वच्छ झाला आणि माणूस कामातून गेल्यासारखा झाला. पांढरं निळसर दिसायला लागलं, बदामी राखाडी दिसायला लागलं. स्वतःच्याच रजिस्टरमधले रंग त्याला दुसऱ्या कोणी केल्यासारखे वाटायचे. मोतिबिंदू म्हणजे डोळ्यावर हळूहळू चढलेली पिवळी काच. मास्तर त्या काचेतून वर्षानुवर्षं रंग जुळवत आले होते. काच काढली की आकडे वाचून मनात जो रंग उभा राहतो, तो पोत्यातल्या कोणत्या तुकड्याशी जुळतो, हे त्यांना खात्रीने सांगता येणार नव्हतं.

"ज्या डोळ्यानं हे रंग केले, त्याच डोळ्यानं लावावे लागतील," ते म्हणाले. "ऑपरेशनला अठरा दिवस शेत. नंतर माले इचारू नका."

शेत म्हणजे आहेत. मास्तर माझ्याशी अहिराणीत घसरले, की समजावं प्रकरण साधं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा ते दुपारी चार मी खाली. त्याच्या आधी नाही, नंतर नाही, कारण रंग दिवसाच्या उजेडात बघायचा, तोही उत्तरेच्या दारातून येणाऱ्या. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तुकडे दारात नेले की एकमेकांना ओळख देत नाहीत. वर माझ्या टेबलावर आवक-जावकचे कागद साठत होते. शेठनी विचारलं तर मी म्हणायचो, तुलना चालू आहे. खोटं नव्हतं.

मी पान वाचायचो. "पिवळा एक पॉइंट दोन, लाल पॉइंट चार, निळा पॉइंट शून्य तीन." मास्तर डोळे मिटायचे. ओठ हलायचे. मग डोळे उघडून फरशीवरच्या साडेतीनशे तुकड्यांवर नजर फिरवायचे, आणि बोट असं जायचं, जसं दाणे टिपताना कोंबडीची चोच जाते. पुष्कळदा पहिल्यांदाच. तुकडा पानावरच्या भोकांना लावून बघायचा, पिनांचं अंतर जुळलं की झालं. मी खूण करायचो. मधूनच ते आठवण सांगायचे, की हा रंग उसाच्या रसाचा, ही पार्टी बुडाली, हा रंग चुकून झाला आणि पार्टीने तोच पाहिजे म्हणून हट्ट धरला. आकड्यांमागे एवढं काही असतं हे माझ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हतं.

पण बदामी आले आणि गाडी अडली. बदामी चाळीस. आकड्यांत केसाचा फरक, तुकड्यांत त्याहून कमी. मास्तर एक उचलायचे, ठेवायचे, दुसरा उचलायचे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मला म्हणाले, "पार्टीकडं जा. त्यांचा अर्धा आणा."

म्हणजे मी मार्केटला जायचं. रिंग रोडच्या त्या इमारतींत, जिथे एकेका मजल्यावर शंभर दुकानं आणि लिफ्टमध्ये माणसांपेक्षा गठ्ठे जास्त. आणि दुकानादुकानात सांगायचं, की मिलकडचा तुमचा अर्धा तुकडा जरा हरवलाय, तुमचा दाखवता का. हे कसं सांगायचं याची मी बसमध्ये तालीम केली. "ऑडिट चालू आहे" असं म्हणायचं ठरवलं. पहिल्याच दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. ते गादीवर मांडी घालून बसले होते.

"तमारी मिल तो ऑनलाइन थई गई ने?"

मी म्हटलं, हो काका, झाली.

"तो पछी मारी पासे शुं काम आव्या?"

मग माझ्याकडे कशाला आलात. यावर ऑडिट चालेना. मी सगळं खरं सांगितलं, पोत्यापासून. काका पोट धरून हसले, शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं, मग चहा मागवला आणि गादीखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात त्यांच्याकडचे सगळे अर्धे तुकडे, दोऱ्याने बांधलेले, वर रंगाचं नाव नाही, तर त्या वर्षी घरात काय झालं ते लिहिलेलं. हा नातवाच्या वर्षीचा. हा गुडघ्याच्या वर्षीचा. पद्धत माझ्या तिन्ही सॉफ्टवेअरपेक्षा वाईट होती आणि काकांना दोन मिनिटांत तुकडा सापडला.

एका दुकानात तुकड्यात सुपारी बांधून ठेवली होती. एका ठिकाणी मालक तुकडा द्यायला तयार, पण मुलगा म्हणाला फोटो पाठवतो, लिंक पाठवतो. मी त्याच्या पाया पडायचा बाकी राहिलो. म्हटलं, बाबा, लिंक नको, मला कड बघायची आहे. दोन जणांनी सरळ सांगितलं, फेकून दिला. एकाने मला विचारलं, की तुम्ही नोकरीवर अजून आहात का. चौकशी खरी होती, टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागली. चार दिवसांत मार्केटमध्ये मी इतका प्रसिद्ध झालो, की लिफ्टवाला मला मजला विचारायच्या आधी "केटला मळ्या?" विचारायचा. किती सापडले.

सापडत होते. तुकडे आणून मी दारात बसायचो आणि कडा लावायचो. मास्तर मान हलवायचे किंवा नाही हलवायचे. माझी पाठ धरली, पँटचे गुडघे गेले. घरी बायको म्हणाली, तुम्ही ऑफिसात काय सारवण करता का. अठरा दिवसांत एकच दिवस मास्तर मला भाऊ म्हणाले, तेही चुकून, आणि लगेच दुरुस्ती करून साहेब म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चार वाजता दाराचा उजेड हलला, तेव्हा फरशीवर बत्तीस तुकडे उरले होते आणि हातात बत्तीस पानं. जवळजवळ सगळे बदामी, मेहंदी आणि एक चमत्कारिक जांभळा. मास्तरांनी ते रुमालात बांधून माझ्या हातात दिले. पिशवी उचलून, छत्रीसारखी काखेत मारून, गेटकडे चालू लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. तीनशे अठरा जुळवल्याचा आनंद मला अजिबात झाला नाही. बत्तीस रंग माझ्या हाताने पुसले गेले होते आणि ते पुसलेलं परत लिहिणारा माणूस उद्या दुसरे डोळे घेऊन येणार होता.

मधल्या दिवसांत मी रिपोर्ट लिहिला. तक्त्यात शेवटी एक रकाना वाढवला, "कापडाचा तुकडा कुठे ठेवायचा", आणि तिघांनाही शून्य दिलं. खाली दोन ओळी लिहिल्या, की स्कॅन करताना माझ्याकडून तुकडे सुटे झाले, बत्तीस अजून सुटे आहेत, जबाबदारी माझी. हे लिहायला मला सबंध सकाळ लागली. शेठनी रिपोर्ट उलटून शेवटचं पान बघितलं, मेव्हण्याच्या ओळखीच्या सॉफ्टवेअरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे घ्या. त्या दोन ओळी त्यांनी वाचल्या की नाही मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. अंगात तेवढं धैर्य एका आठवड्यात दोनदा येत नाही.

मास्तर अडीच आठवड्यांनी आले. काळा चष्मा, कपाळावर घाम. वाफेकडे जायचं नाही म्हणून ते सरळ वर माझ्या टेबलाशी आले आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"हा शर्ट पांढरा शे?"

मी म्हटलं, पांढराच आहे, मास्तर. पहिल्यापासून.

"माले वाटे घरी साबण नही तुम्हाले."

मी हसलो नाही. ड्रॉवरमधून रुमाल काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, बत्तीस तसेच राहिले. आता काय करायचं तुम्ही सांगा. वाटलं तर शेठना मी स्वतः जाऊन सांगतो. त्यांनी गाठ सोडली. तुकडे टेबलावर पसरले. खिडकीकडे तोंड करून बसले, कारण माझी खिडकीही उत्तरेलाच आहे, हे मला अकरा वर्षांत तेव्हा कळलं. एक बदामी तुकडा उचलून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"राखाडी दिसतो."

मग त्यांनी डावा तळहात उचलला आणि उजव्या डोळ्यावर झाकण ठेवावं तसा ठेवला. तुकडा पुन्हा बघितला.

"आता बदामी."

"मास्तर, ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं?"

"मग? दोन्ही एकदम करतात का? उजवा झाला. डावा पुढच्या महिन्यात."

अठरा दिवस. मार्केटमधले सगळे जिने, काकांचा चहा, लिफ्टवाला, पँटचे गुडघे. सबंध मिल डोळ्यांचं ऑपरेशन, डोळ्यांचं ऑपरेशन म्हणत होती आणि कोणता डोळा हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या तक्त्यात सत्तावीस रकाने होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "आधीपासून. मग सांगितलं का नाही?"

मास्तरांनी तळहात हलवला नाही. एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही दोन महिने लावले असते, भाऊ. वाचा."

मी पान उघडलं. पिवळा एक पॉइंट एक, लाल पॉइंट चार, निळा पॉइंट शून्य चार. त्यांनी दुसरा डोळा मिटला.